पंपिंग संपलं की उरलेलं काँक्रीट दर वेळी गटारातच का जातं? कारणं आणि उपाय

स्लॅब भरून होतो, व्हायब्रेटर बंद पडतो, माणसं हातपाय धुवायला जातात आणि तेव्हाच खाली पंपाजवळ प्रश्न उभा राहतो: हॉपरमधला (पंपात काँक्रीट ओतायच्या पेटीतला) आणि लाइनमधला (पंपाच्या पाइपांमधला) माल टाकायचा कुठे? पंप ऑपरेटरला पुढच्या साइटवर पोचायचं असतं, टीएमचा (ट्रान्झिट मिक्सरचा, म्हणजे काँक्रीट आणणाऱ्या फिरत्या ड्रमच्या गाडीचा) ड्रायव्हर रेडीमिक्स प्लँटला परत जायच्या घाईत असतो, इंजिनिअर वर लेव्हल बघत असतो. मग हॉपरचं खालचं झाकण उघडतं, माल रस्त्याच्या कडेला पडतो, त्यावर पाइप धरून पाणी मारलं जातं आणि पांढरट पाणी उतार पकडून चेंबरमध्ये उतरतं. महिन्याभराने चेंबर तुंबला म्हणून सोसायटीची तक्रार येते. पुढच्या स्लॅबला पुन्हा तेच.

मी पुण्याच्या आसपासच्या साइट्सवर काम करतो. बंगल्याचे छोटे स्लॅब असोत की मोठ्या टॉवरचे, हा प्रकार सगळीकडे सारखाच दिसतो. एक तक्रार, एक दंड, चार दिवस शिस्त आणि मग पहिल्यासारखं. हे वारंवार होण्याचं मूळ निष्काळजीपणापेक्षा क्रमात आहे, असं माझं ठाम मत आहे. उरलेला माल कुठे जाणार हे काम संपल्यावर ठरवलं जातं. ते पहिली गाडी प्लँटमधून निघायच्या आधी ठरलं पाहिजे.

माल उरतोच, आणि किती उरतो ते आधी सांगता येतं

"आज ऑर्डर बरोबर दिली होती, तरी माल उरला कसा?" हा प्रश्न साइटवर हमखास येतो. उत्तर पाइपमध्ये आहे. १२५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या लाइनमध्ये दर मीटरला साधारण १२.३ लिटर काँक्रीट मावतं. तीन मीटरच्या एका पाइपमध्ये ३७ लिटर, म्हणजे नुसत्या मालाचंच वजन ८८ किलोच्या आसपास. साठ मीटर लाइन टाकली असेल तर पाऊण क्युबिक मीटरपेक्षा थोडं कमी. त्यात हॉपर धरा. पंपाने हवा ओढू नये म्हणून हॉपर शेवटपर्यंत निदान अर्धा भरलेला ठेवावा लागतो, म्हणजे आणखी दोनशे-अडीचशे लिटर. बेरीज जवळपास एक क्युबिक मीटर, वजन २.४ टन. कोणाचीही चूक नसताना, ऑर्डर अगदी काटेकोर असतानाही एवढा माल खाली राहणार आहे. तो एखाद्या छोट्या टेम्पोत टाकून देण्याइतका हलका नाही, आणि घमेल्याने उचलण्याइतका थोडाही नाही.

म्हणून काम सुरू होण्याआधी लाइनची लांबी मोजा, १२.३ ने गुणा, हॉपरचे अडीचशे लिटर मिळवा. तो आकडा वहीत लिहा. तेवढ्या मालाची जागा तयार नसेल तर पंप सुरू करू देऊ नका.

शेवटच्या गाडीची ऑर्डर

लाइनमधल्या मालाखेरीज जो उरतो तो बहुतेक शेवटच्या गाडीचा. ड्रॉइंगवरून काढलेलं माप आणि प्रत्यक्ष लागलेला माल जुळत नाही. सेंट्रिंग थोडं खाली बसतं, बीमच्या बाजू फुगतात, चढउतार राहतो. मग कमी पडण्याच्या भीतीने एक जास्तीची गाडी मागवली जाते आणि तिच्यातला निम्मा माल ड्रायव्हर कुठेतरी मोकळ्या प्लॉटवर ओतून जातो.

यावर साधा उपाय असा, की साधारण तीन-चतुर्थांश स्लॅब भरला की हिशेब थांबून करायचा. समजा सहा क्युबिकच्या आठ गाड्या झाल्या, म्हणजे ४८ क्युबिक आला. त्यातला एक क्युबिक लाइन आणि हॉपरमध्ये आहे, तेव्हा वर पडला ४७. जेवढा भाग भरला त्याचं ड्रॉइंगचं माप ४५ निघतं. म्हणजे प्रत्यक्षात साडेचार टक्के जास्त लागतोय. उरलेल्या भागाचं ड्रॉइंगचं माप १३ असेल तर लागणार १३.६. लाइनमधला माल शेवटी पुढे ढकलून वापरणार असाल तर त्यातले सुमारे ०.६ मिळतील. म्हणजे प्लँटला सांगायचं: १३ क्युबिक, सहाच्या दोन गाड्या आणि तिसऱ्या गाडीत एकच क्युबिक. प्लँट छोट्या लोडचे जादा पैसे लावेल. ते द्या. उरलेला माल तोडून, उचलून, वाहून नेण्याचा खर्च धरला तर ते महाग पडत नाहीत.

इथे प्लँटच्या अंतराचा विचार हवाच. गाडी पोचायला तास लागत असेल तर हा हिशेब आणखी आधी करायला लागतो. आयएस ४९२६ या रेडीमिक्सच्या भारतीय मानकाप्रमाणे माल गाडीत भरल्यापासून साधारणपणे दोन तासांत ओतून व्हायला हवा. रिटार्डर (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून घालायचं रसायन) वापरला असेल किंवा हवा थंड-दमट असेल तर वेळ वाढवता येते. ट्रॅफिकमध्ये अडकून आलेली गाडी "चालवून घ्या" म्हणत स्लॅबमध्ये रिकामी करणं हा उरलेल्या मालाची विल्हेवाट लावण्याचा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि त्यात वरून पाणी मारलं असेल तर आणखीच वाईट.

"पाणी मारा, वाहून जाईल"

हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो, म्हणून इथे जरा थांबतो. सिमेंट वाळल्याने घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि ही क्रिया पाण्याखालीसुद्धा चालू राहते. पुलाचे पाये पाण्यात भरता येतात ते याचमुळे. तेव्हा गटारात भरपूर पाणी सोडलं की काँक्रीट निघून जातं हे खोटं आहे. बारीक सिमेंट आणि वाळू पुढे जाते, चेंबरच्या तळाशी, पाइपच्या वळणावर, जिथे पाण्याचा वेग कमी होतो तिथे बसते आणि दगड होते. खडी तर पहिल्याच चेंबरमध्ये राहते. एकेका स्लॅबला तळाशी एकेक थर चढतो, पाइपचं तोंड हळूहळू लहान होतं आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर येतं.

दुसरा धोका दिसत नाही. ताज्या काँक्रीटच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) १२ ते १३ असतो. पर्यावरण नियमांमध्ये नदी-नाल्यात किंवा सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यासाठी ५.५ ते ९ ही मर्यादा आहे. पीएचचं मोजमाप असं आहे की एका अंकाच्या फरकाने तीव्रता दहापट बदलते. म्हणजे ९ आणि १२ मधला फरक हजारपटीचा. असं पाणी ओढ्यात गेलं तर मासे टिकत नाहीत. झाडाच्या बुंध्याशी साचलं तर मुळं जळतात. शहराच्या कडेला जिथे अजून शेती आणि विहिरी आहेत, तिथल्या शेतकऱ्याची तक्रार पूर्णपणे रास्त असते. त्याच्याशी वाद घालू नका, पाणी अडवा.

जागा कशी करायची

मोकळी जागा असेल तर खड्डा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल एवढा खड्डा तीन क्युबिकचा होतो. एका साध्या स्लॅबचा उरलेला माल आणि धुण्याचं पाणी त्यात बसतं. आत जाड प्लॅस्टिक अंथरायचं, सांधा येऊ द्यायचा नाही, कडा बाहेर दुमडून त्यावर वाळूची पोती ठेवायची. गटार, विहीर, झाड यांच्यापासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या वरच्या बाजूला कधीच नाही. वरून वीतभर रिकामा राहील एवढाच भरायचा. पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच, नाहीतर एका रात्रीत खड्डा भरून सगळं बाहेर येतं. भोवती बॅरिकेड लावा. वरून साय धरलेला पण आतून मऊ असलेला असा खड्डा मजुरांच्या लहान मुलांसाठी जीवघेणा असतो. साइटवर मुलं असतातच, हे गृहीत धरूनच चालावं.

कोथरूड किंवा दादरसारख्या ठिकाणी चार मीटरच्या गल्लीत बंगला चालला असेल तर खड्डा कुठून काढणार? तिथे शटरिंगच्या प्लेट्स उभ्या करून पेट्या बनवा, आत प्लॅस्टिक घाला. मालाचा थर शंभर ते दीडशे मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नका आणि मध्ये फळ्या घालून फूटभराचे चौकोन पाडा. दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या की सुटे तुकडे मिळतात. अख्खा क्युबिक एका ढिगात पडला तर तो अडीच टनांचा एकच दगड होतो आणि ब्रेकर लावून दिवसभर तोडावा लागतो. अर्धा कापलेला ड्रमही चालतो, पण भरलेल्या अर्ध्या ड्रमचं वजन दोनशे किलोच्या पुढे जातं. तो माणसांनी उचलायचा नाही. आधीच हायड्राची (फिरत्या क्रेनची) सोय बघा. काही जण ओल्या मालात सळईचा वाकवलेला तुकडा खोचून हुक बनवतात. वाकवलेली टीएमटी सळई उचलण्याच्या हुकसाठी भरवशाची नाही, तिच्यावर वजन टांगून खाली माणसं उभी करू नका.

पंपाच्या हॉपरखाली पत्र्याचा ट्रे किंवा जाड प्लॅस्टिक काम सुरू व्हायच्या आधीच टाका. पंप उभा राहून जॅक लावल्यावर खाली काही सरकवणं कठीण जातं.

आणि एक, उरलेला माल स्लॅबवरच एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. खालचं सेंट्रिंग त्या एका जागी एवढ्या वजनासाठी लावलेलं नसतं.

लाइन साफ करताना

या टप्प्यावर माणसं जखमी होतात आणि मरतातही. विल्हेवाटीची घाई इथेच जिवावर येते, म्हणून हा भाग सुपरवायझरने स्वतः उभं राहून करून घ्यावा.

शक्य तिथे माल उलटा ओढून घ्या. बूम पंपाला (घडीच्या लांब हाताच्या पंपाला) टोकाच्या होजमध्ये ओला स्पंज बॉल घालून पंप रिव्हर्स चालवला की माल हॉपरमध्ये परत येतो. उभ्या लाइनला खाली शटऑफ व्हॉल्व असेल तर वरचा माल स्वतःच्या वजनाने खाली उतरवता येतो, तो सरळ टीएममध्ये किंवा पेटीत घ्या. आडवी लाइन असेल आणि माल स्लॅबला हवा असेल तर पंपाकडून बॉल घालून पाण्याने पुढे ढकला. बॉलच्या बाजूने पाणी थोडं पुढे झिरपतंच, म्हणून शेवटच्या दोन पाइपांतला माल, म्हणजे पाऊणशे लिटर, स्लॅबमध्ये घेऊ नका. तो पेटीत. सुरुवातीला लाइन ओली करायला सोडलेल्या सिमेंटच्या स्लरीचंही तसंच आहे. ती कॉलमच्या डोक्यावर सोडून मोकळं होणं बंद करा, तिच्यात खडी नसते आणि त्या जागी काँक्रीट कच्चं राहतं. तिच्यासाठी वर एक रिकामा ड्रम ठेवा.

कॉम्प्रेसरच्या हवेने लाइन फुंकणं मला व्यक्तिशः पसंत नाही. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. बॉल अडकला की मागे हवा साठत राहते आणि सुटताना खडीसकट सगळं बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर फेकते. तरी हवाच वापरावी लागणार असेल तर टोकाचा रबरी होज आधी काढा. तो दाबाने सापासारखा आपटतो आणि समोरच्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही. टोकाला बॉल पकडणारी जाळी घट्ट बसवा. समोर आणि बाजूला कोणी नको, बघायलासुद्धा नको. गेज शून्यावर आलं आहे आणि हवा सोडायचा कॉक उघडला आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही क्लॅम्प उघडायचा नाही. "किती आलंय" हे बघायला पाइपवर हातोडी मारत कान लावणारा माणूस दिसला तर त्याला तिथून बाजूला करा.

हॉपर धुताना हात आत घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी अॅक्युम्युलेटरमध्ये (पंपाच्या तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीत) दाब शिल्लक असतो आणि एस-व्हॉल्व (हॉपरमधला हलता वाकडा पाइप) एक झटका मारू शकतो. आधी तो दाब सोडा, चावी ऑपरेटरच्या खिशात असू द्या, मगच फावडं आत जाऊ द्या. ऑपरेटर आणि हेल्पर बिहार-झारखंडकडचे असतील तर या सूचना त्यांना समजतील अशा हिंदीत सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

धुणाऱ्याला गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा. ओल्या सिमेंटने कातडी भाजते पण लगेच दुखत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर फोड दिसतात. बुटात माल गेला तर "थोडंच राहिलंय" म्हणून तसंच काम करू देऊ नका, लगेच काढून भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर सलग वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट दवाखाना.

उरलेल्या मालाचं काही करता येतं का

येतं, पण आधी ठरवलं तर. कंपाउंड वॉलखालचं पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), पार्किंगमधले गाडी अडवायचे ठोकळे, साइटवरच्या कच्च्या रस्त्याचा तुकडा, सिमेंटच्या गोडाऊनची जमीन. असं एखादं बिनमहत्त्वाचं काम खणून, प्लॅस्टिक टाकून तयार ठेवा, म्हणजे ताजा माल सरळ तिथे जातो. पेव्हर ब्लॉकचे रबरी साचे बहुतेक वेळा उपयोगी पडत नाहीत, कारण वीस मिलिमीटरची खडी त्यात नीट बसत नाही. कर्बचे किंवा ठोकळ्यांचे मोठे साचे घ्या. कव्हर ब्लॉक यातून बनवू नका. ते उद्या दुसऱ्या स्लॅबच्या सळईखाली जाणार आहेत आणि हॉपरच्या तळातल्या मालाची ताकद कोणी सांगू शकत नाही.

टीएममध्ये उरलेला माल प्लँटला परत पाठवणं हा चांगला मार्ग. काही प्लँटवर रिक्लेमर असतो, तो वाळू-खडी वेगळी धुऊन काढतो आणि पाणी टाकीत जातं. मात्र वर्क ऑर्डरमध्ये ते लिहिलेलं हवं: परत किती माल घेणार, पैसे कोण देणार, पंप धुणं कोणाचं काम. तोंडी ठरलेलं संध्याकाळी सात वाजता कोणाला आठवत नाही. गाडी रस्त्यात बंद पडली, माल ड्रममध्ये बसायला लागला तर प्लँटवाले साखर किंवा रिटार्डर टाकून सेटिंग लांबवतात. ती ड्रम वाचवायची सोय आहे. असा माल तुमच्या साइटवर कुठल्याही स्ट्रक्चरमध्ये घेऊ नका.

धुण्याचं पाणी रात्रभर खड्ड्यात किंवा टाकीत स्थिर राहू द्या. सकाळी वरचं निवळलेलं पाणी उपसून ड्रममध्ये भरा, पुढच्या वेळी पंप धुवायला तेच वापरा. दिसायला स्वच्छ असलं तरी त्याचा पीएच तसाच चढा असतो. पीएच पट्टी बुडवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ते कमी करायला साइटवर अॅसिड ओतणं टाळा. वाफ येते, अंगावर उडतं आणि प्रमाण कोणी मोजत नाही. जास्तीचं पाणी टँकरने प्लँटच्या सेटलिंग टाकीत पाठवा.

घट्ट झालेला माल हा राडारोडा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांपासून तो वेगळा साठवणं आणि रस्ता, माणसं किंवा गटार अडणार नाही असा ठेवणं ही तो तयार करणाऱ्याची जबाबदारी आहे. "पंपवाल्याने टाकला" हे उत्तर वॉर्ड ऑफिसमध्ये चालत नाही. पुण्यात वाघोली, पिंपरी-चिंचवडमध्ये मोशी इथे राडारोड्यावर प्रक्रिया होते, मुंबईत महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे. तुकडे माती, लाकूड, प्लॅस्टिक न मिसळता द्या. स्वच्छ काँक्रीटची खडी पुन्हा वापरता येते. आयएस ३८३ या वाळू-खडीच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत एम१५ पेक्षा कमी ग्रेडच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटसाठी ती पूर्णपणे, साध्या काँक्रीटसाठी पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि एम२५ ग्रेडपर्यंतच्या आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) वीस टक्क्यांपर्यंत चालते.

गटारात आधीच गेलं असेल तर

पाणी मारणं ताबडतोब थांबवा. चेंबरचं झाकण काढा, पुढच्या पाइपचं तोंड वाळूच्या पोत्याने बंद करा म्हणजे माल आणखी पुढे जाणार नाही. पहिले दोन-तीन तास हातात असतात. तेवढ्यात वरून फावड्याने, लांब दांड्याच्या डब्याने माल उपसून घ्या. माणूस चेंबरमध्ये उतरवायचा नाही, कितीही उथळ वाटला तरी नाही. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये विषारी वायू असतो आणि तो वासावरून ओळखता येईलच असं नाही. पाणी सक्शन टँकरने ओढून घ्या. सोसायटीला आणि वॉर्ड ऑफिसच्या ड्रेनेज विभागाला त्याच संध्याकाळी कळवा. ओला असताना अर्ध्या दिवसात सुटणारं काम घट्ट झाल्यावर रस्ता खोदून पाइप बदलण्यापर्यंत जातं, आणि तो खर्च शेवटी साइटवरच येतो.